गोजरबाईनं बसवलेला देव

आमच्या बाजारतळाच्या कडेला, रस्त्याला लागून, एक लिंब होता. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं खोड, आणि वर पसारा एवढा की खाली दोन टेम्पो लागले तरी माणसांना टेकायला जागा उरायची. त्या लिंबाखाली गोजरबाई गोधड्या शिवायची. माझ्या घरात सून आली तेव्हा शिवत होती आणि त्या सुनेची लेक कॉलेजात जायला लागली तरी शिवत होती.

गोजरबाई मूळची शिवणारी नव्हे. ती आणि तिचा नवरा कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. आमच्या शेवगावच्या बाजूची निम्मी माणसं दिवाळी सरली की जातात, तशीच हीही दोघं. तिकडं नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. एका साली डोक्यावर उसाची मोळी घेऊन गोजरबाई ट्रकच्या फळीवरून वर चढत होती. फळी ओली होती, पाय घसरला आणि ती मोळीसकट खाली आली. खुबा मोडला. पुढं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. उजवा पाय दुमडायचा थांबला तो थांबलाच. नवऱ्याला मुकादम म्हणाला, तू आता अर्धा कोयता. नवरा दोन-तीन सालं अर्धा कोयता म्हणून गेला, आणि एका साली तापानं तिकडंच गेला. पोरगा वाल्मिक तेव्हा लहान होता.

ती रडत बसली नाही असं मी म्हणणार नाही. बसली. पण बसल्या बसल्या हाताला चाळा हवा म्हणून नवऱ्याची धोतरं आणि आपलं एक लुगडं घेऊन तिनं गोधडी घातली. ती गोधडी पाहून गल्लीतल्या एकीनं आपली जुनेरं आणून दिली, मग दुसरीनं दिली. अशी ती शिवणारी झाली.

गोधडीला जागा लागते. ज्यांनी घातली नाही त्यांना हे कळायचं नाही. अस्तर जमिनीवर ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, मग जुनेरं एकावर एक अंथरायची, सुरकुती राहू द्यायची नाही. टाका कडेनं सुरू करायचा आणि फिरत फिरत आत यायचं. अगदी मध्यावर आलं की गोधडी संपली. घडी घालून, मांडीवर घेऊन शिवली तर आतली कापडं सरकतात आणि गोधडी वाकडी होते. गोजरबाईचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. त्यात एक कॉट, एक कपाट, वाल्मिकचं लग्न झाल्यावर सून सविता, आणि मग पोरं. तिथं गोधडी कुठं पसरणार? म्हणून लिंब.

सकाळी ती लिंबाच्या एका अंगाला बसायची आणि सावली सरकेल तशी गोधडी ओढत दुसऱ्या अंगाला जायची. डावा पाय दुमडलेला, उजवा सरळ पुढं. सावलीबरोबर तिचा पायही सगळ्या दिशांना फिरून यायचा. मी भाजी घ्यायला जायची आणि तासभर बसून यायची. घरी माझी सून म्हणायची, कोथिंबीर शेतातनं आणली का आत्या. चैत्रात लिंब फुलला की त्याची बारीक पांढरी फुलं गोधडीवर गळायची. गोजरबाई ती झटकायची नाही, वरूनच टाका घालायची. म्हणायची, "ऱ्हाऊ दे. फुकटची नक्षी हाय."

लोक मेलेल्या माणसांची कापडं आणायचे. बापाचा सदरा, आईचं लुगडं, एकीनं तर शाळकरी वयात गेलेल्या पोराची चड्डी-शर्ट आणली होती. गोजरबाई विचारायची, "कुनाच्या अंगाला लावायचं?" ते माणूस सांगायचं, माझ्या, नाहीतर, त्याच्या बहिणीच्या. मग ती ते कापड अंगाच्या बाजूला घ्यायची. कुणाची लाज काढली नाही, कुणाला उशीर केला नाही. सुनेपुढं हात पसरला नाही, ही तिची सगळ्यात मोठी मिजास. नातवंडांना खाऊ तिचा, चहापत्ती तिची.

मग आमच्या गावाची नगरपंचायत झाली. गाव तेवढंच, बोर्ड मोठा. बाजारतळाचा रस्ता रुंद करायचा ठरला. एक माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि रस्त्याकडच्या झाडांवर पांढरे आकडे घालत गेला. बाभळी, एक चिंच, करंज आणि हा लिंब. गोजरबाईला वाटलं मोजणी चालली आहे. तिनं त्या माणसाला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं सांगितलं, मावशी, ही सगळी निघणार.

ती माझ्याकडं आली. एवढं अंतर ती चालून कधी येत नसे.

"चांगुने, चल माझ्यासंगं," म्हणाली. "सुनीलकडं."

सुनील आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. पोरगं चांगलं. गोजरबाईच्याच गोधडीत लहानाचं मोठं झालं. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"सुनील, समद्या गावाचा रस्ता कर," गोजरबाई म्हणाली. "माजा येक लिंब सोड."

"मावशी, तुमचा कुठं हाय तो? नगरपंचायतीचा हाय."

"मग नगरपंचायतीला सांग, त्याच्या खाली कोन बसतंय."

सुनील हसला. "रस्ता सरळ जातो मावशी. एका झाडासाठी वाकडा करता येत न्हाई."

"माजा पाय बघ. वाकडा झाला तरी चालतीच की म्या."

तो परत हसला, पण कागद काही बदलला नाही. उठताना मी सहज विचारलं की पलीकडच्या पिंपळावर आकडा का नाही घातला. तर म्हणाला, "त्याच्याखाली म्हसोबा हाय ना काकू. देवाच्या झाडाला कोन हात लावनार? रस्ता थोडा बाजूनं घेतलाय तिथं."

बाहेर आल्यावर गोजरबाई पायरीवर थांबली. म्हणाली, "म्हंजी वाकडा हुतोय रस्ता."

चार-पाच दिवसांनी मी सकाळी गेले, तर लिंबाच्या मुळाशी एक शेंदूर लावलेला देव. वाटीएवढा गोल, गुळगुळीत, तेल निथळतंय. पुढं दोन जास्वंदीची फुलं. गोजरबाई दहा हात पलीकडं गोधडी पसरून खाली मान घालून शिवत होती. गोधडीच्या तीन कोपऱ्यांवर दगड होते आणि चौथ्यावर तिची चप्पल.

मी तिच्या शेजारी बसले.

"शेंदूर कुठनं आनलास?" मी विचारलं.

"दुकानातनं. इचारत हुता, कोनत्या देवाला. म्या म्हनलं, गरजेच्या."

"अगं, पाप लागंल."

"दगडाला ऊन लागत हुतं, त्येला शेंदूर लागला. पाप कशाचं?" एवढं म्हणून तिनं दोरा दातानं तोडला. "कुनाला बोलू नको. बोललीस तर करवत येईल."

मी नाही बोलले. गरजच पडली नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत देवाला नाव मिळालं होतं, लिंबोबा. एका म्हातारीला तो स्वप्नात दिसला. एकाची हरवलेली शेळी सापडली. समोर चहाची टपरी टाकणारा कानिफनाथ रोज उदबत्ती लावायला लागला आणि टपरीत चहाशेजारी नारळ ठेवायला लागला. मशीन आलं तेव्हा चिंच गेली, करंज गेला, बाभळी गेल्या. लिंबाजवळ येऊन मशीनवाल्यानं बंद केलं, उतरला, पाया पडला आणि निघून गेला. त्या दिवशी गोजरबाईनं मला भजी खाऊ घातली. कानिफनाथच्याच टपरीतली.

तिची चूक झाली ती इथं. देव बसवला की त्याचं सोवळंओवळं पण बसतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. आयुष्यभर देवाधर्मात वावरलेली बाई, पण स्वतःच्या दगडाला कोण सोवळ्यात धरतो?

पहिल्यांदा कानिफनाथच बोलला, आणि नीट बोलला. "मावशी, जरा तिकडं सरकता का? तुमचा पाय देवाकडं येतोय."

ती सरकली. पण सावली फिरली की तिला फिरावं लागायचं आणि दुमडत नसलेला पाय दिवसातनं एकदा तरी देवाकडं यायचाच. बाया नारळ घेऊन यायच्या आणि तिच्या पायाकडं बघायच्या. मग कुणाच्या तरी डोक्यात कापडांचं आलं. देवापुढं मेलेल्या माणसांची कापडं पसरलेली. ते तर कुणालाच बरं वाटेना.

"मावशी, रागावू नका," कानिफनाथ म्हणाला. "नव्या कापडाच्या घालत जा ना गोधड्या. मग कोन काय बोलनार?"

"नव्या कापडाची गोधडी असती व्हय रं? तिला चादर म्हनत्यात."

देवाभोवती ओटा झाला. ओट्याला फरशी बसली, भोवती लोखंडी दांडके रोवून साखळी लागली. गोजरबाई साखळीच्या बाहेर गेली. बाहेर सकाळची तेवढी सावली असायची. बाकीची झाडं तर निघून गेलेली. दुपारी ती गोधडी गुंडाळून घरी जायची आणि कॉटवर बसून नुसती सुया ओवून ठेवायची. मी एकदा म्हटलं, "सांगून टाक ना. तुजा दगड हाय, तुजी जागा हाय."

"सांगितलं तर देव न्हाई ऱ्हात," ती म्हणाली. "देव न्हाई तर लिंब न्हाई. मला लिंब दिसतोय तवर बरं हाय. आज ना उद्या लोकं इसरतील देवाला. लोकं इसरत्यातच."

ती त्या देवाला कधी हात जोडायची नाही. माझ्यासंगं जाताना मी सवयीनं जोडायची, आणि ती माझ्याकडं बघून तोंडातल्या तोंडात हसायची.

लोक विसरले नाहीत. वर्ष गेलं आणि सुनीलनं नवा निधी आणला, रस्ता सिमेंटचा होणार. लिंब पुन्हा आडवा आला. या वेळी सुनील शहाणा झाला होता. त्यानं झाडाचं नावच काढलं नाही. लिंबाखाली बैठक घेतली आणि म्हणाला, लिंबोबाला असं उन्हापावसात ठेवणं आपल्याला शोभत नाही. जुन्या विहिरीजवळ नगरपंचायतीची जागा आहे, तिथं मंदिर बांधू. वर पत्र्याचा मंडप, पुढं फरशी, कानिफनाथला शेजारी गाळा. सगळ्यांनी माना डोलवल्या.

"कुनाची हरकत?" सुनीलनं विचारायचं म्हणून विचारलं.

"माजी हाय," गोजरबाई म्हणाली.

ती साखळीच्या बाहेर उभी होती, काठीवर भार देऊन. मी तिच्या शेजारी.

"मावशी, तुमची काय हरकत?"

"देव जिथं हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

कानिफनाथ उठला. "मावशी, खरं बोलू का? वरीस झालं म्या हितं रोज हाय. तुमी कवा हात जोडल्याला म्या पाह्यला न्हाई. नारळ सोडा, उदबत्ती न्हाई. आन् आज हरकत?"

दोघं-तिघं हसले. गोजरबाईनं मान हलवली. "न्हाई जोडला. खरं हाय तुजं."

"का न्हाई जोडला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्याच बसवलाय त्येला. माज्या गोधडीच्या कोपऱ्यावरचा दगड हाय त्यो. लिंब ऱ्हावा म्हनून शेंदूर लावला. देव न्हाई त्यो. आता तुमाला देव घिऊन जायाचा आसंल तर न्या, दगडच हाय. पन लिंब सोडा."

मला वाटलं, आता हिला बोलतील, शिव्या देतील. मी तिचा दंड धरला. तेवढ्यात पुढं बसलेले एक म्हातारबाबा हात जोडून म्हणाले, "म्हंजी देव आधी तुमच्या गोधडीपाशी आला, बाई. तुमाला वळख दिली त्येनं."

कानिफनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं. तो साखळी ओलांडून आला आणि गोजरबाईच्या पायावर डोकं ठेवलं. त्याच पायावर, जो सरकवा म्हणून तो वर्षभर सांगत होता. मग बाया आल्या. कुणीतरी हळदकुंकवाचं ताट आणलं, मग ती विधवा म्हणून नुसती हळद लावली. सविता लांब उभी होती, ती पदर सावरून सासूच्या शेजारी येऊन थांबली.

"मग तर ठरलंच," सुनील म्हणाला. "मावशीच्या हातानंच देव हलवायचा. मंदिरात पहिला मान मावशीचा."

"लिंब ऱ्हानार का?" गोजरबाईनं विचारलं.

सुनील जवळ आला आणि हळू बोलला. मला ऐकू आलं म्हणून सांगते. "मावशी, लिंब ठेवायचा असता तर देव कशाला हलवला असता?"

"मग म्या न्हाई हलवायची."

"तुमी न्हाई म्हनलात तर कानिफनाथ हलवील. पन तुमचा मान हाय, इचार करा."

देव हलवायच्या दिवशी बँडवाले आले. गावात गुलाल होता, बुंदी होती. सविता नवी साडी नेसून सासूला बोलवायला दोनदा आत गेली. गोजरबाई कॉटवर पाय पसरून सुया ओवत बसली होती. "तुमी जावा," म्हणाली. मी तिच्याजवळ बसले. कानिफनाथनं देव ताटात घेतला, वर रेशमी कापड धरलं आणि मिरवणूक विहिरीकडं निघाली. बँडचा आवाज लांब गेला. मग मशीनचा आवाज आला. तो लवकर संपला नाही. लिंब म्हातारा होता, पण आतनं किडलेला नव्हता.

एकदा धप्प असा आवाज झाला आणि पत्रे हादरले. गोजरबाईनं ओवलेली सुई उशीला टोचून ठेवली.

"आता जाऊन बघू?" मी विचारलं.

"काय बघायचं? उजेड?"

तरी आम्ही संध्याकाळी गेलो. खरंच उजेडच होता. बाजारतळ एवढा उघडा मी कधी पाहिला नव्हता. फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरून झाल्या होत्या, बुंधा नेण्यासाठी साखळदंड लावले होते. रस्ताभर पाला पडला होता आणि त्याच्यावरून मोटारसायकली जात होत्या. बाया पोरांच्या अंघोळीसाठी पाला पदरात भरून नेत होत्या. गोजरबाईनं बुंध्याच्या कापलेल्या बाजूवर हात ठेवला, तर तो ओला झाला. तिनं हात लुगड्याला पुसला आणि मला म्हणाली, "म्या तोंड उघडाया नको हुतं. देव म्हनून हात जोडला आसता, लोळन घेतली आसती, तर माजी हरकत खरी वाटली आसती."

"तरी बी त्यांनी हलवलाच असता गं."

"आसंल," ती म्हणाली. पण तिला ते पटलं नाही, हे मला दिसलं.

त्या वेळी तिच्याकडं एकच गोधडी होती, जयमालाची. जयमाला आमच्या अंगणवाडीची बाई. तिची आई गेली होती आणि तिनं आईची लुगडी दिली होती. कडेनं बरीच शिवून झाली होती, मध्याचा दोन हात लांब-रुंद चौकोन राहिला होता. जयमाला मनानं चांगली. म्हणाली, मावशी, आमच्या हॉलमध्ये बसा, मी पंखा लावते, कोण काही म्हणायचं नाही. गोजरबाई गेली. फरशीवर गोधडी पसरली तर ती घसरायला लागली. दगड ठेवले तर जयमालाच्या सासऱ्यांना फरशीला चरे पडतील असं वाटलं, ते नुसते दगडांकडं बघत राहिले. घरातली माणसं तिच्या पायाला वळसा घालून जायची. तिसऱ्या दिवशी ती गोधडी घेऊन घरी आली.

"का गं?" मी विचारलं.

"टीव्हीतल्या बाया लई रडत्यात," म्हणाली. "टाका चुकतो."

मग माझ्या ओट्यावर बसून पाहिलं. माझा ओटा म्हणजे दोन माणसं निजतील एवढा. गोधडी निम्मी खाली लोंबली आणि आतली लुगडी एका बाजूला आली. तिनं ते टाके उसवले, पुन्हा घातले, पुन्हा उसवले. तेव्हापर्यंत मी तिला टाका उसवताना पाहिलं नव्हतं. एके दिवशी तिनं गोधडीची घडी घातली आणि म्हणाली, चल, देऊन येऊ.

जयमाला म्हणाली, "मावशी, राहू द्या तुमच्याकडं. होईल तेव्हा होईल."

"न्हाई हुयाची आता. तुजी आय हाय ती. माज्या कॉटखाली कशाला ठिवू तिला? दुसऱ्या कुनाकडनं पुरी करून घे."

ती आता घरीच असते. डोळे चांगले आहेत, हात चांगला आहे. सविता तिला काही कमी करत नाही. चहा वेळेवर, भाकरी वेळेवर. गोजरबाई चहा मागत नाही, दिला तर पिते. दुपारी पत्रा तापतो तेव्हा सविता ओलं फडकं तिच्या डोक्यावर ठेवते. लिंबोबाच्या मंदिरात दर पौर्णिमेला जेवण असतं, पहिलं ताट तिच्या घरी येतं. ती ते नातवंडांना देते.

जयमाला गोधडी दुसऱ्या कुणाकडून शिवून घेत नाही. मी विचारलं तर म्हणाली, तशीच पांघरते काकू, कडेला घट्ट आहे. फक्त रात्रीत मधली लुगडी सरकून एका जागी गोळा होतात, मग सकाळी उठून हातानं सारखी करायची.

तसं ती रोज करते.